फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला एकांतकोठडीत ठेवणं योग्य आहे का?

नाही, आणि दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत तर ते बेकायदाच आहे. न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली असेल तर तुरुंगाने स्वतःच्या मनाने तिच्यावर दुसरी शिक्षा चढवायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ सालीच सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याच्या खटल्यात स्पष्ट केलं. तरीही आपल्या बेळगावच्या हिंडलगा जेलमध्ये एका कैद्याला २००६ पासून कित्येक वर्षं एकटं कोंडून ठेवलं होतं. न्यायालय स्वतः एकांतवासाची शिक्षा देतं तेव्हासुद्धा ती एकूण तीन महिन्यांच्या वर जात नाही, आणि एका वेळी १४ दिवसच. इथे वर्षं गेली! माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मात्र याचा अर्थ गुन्हा माफ झाला असा घेऊ नका. बलात्कार आणि खुनाचा तो गुन्हा सिद्ध झालेला होता, आणि किमान ३० वर्षं शिक्षेत सूट नाही, असंही त्याच निकालात आहे. दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर पहाऱ्यात वेगळं ठेवायला कायद्याची हरकत नाही.