हिवाळ्याची हवा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : रोज पहाटे साडेपाचला गोदाघाटाच्या बाजूने तासभर चालतो. डिसेंबर लागला की घसा धरतो, खोकला सुरू होतो. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते ना? मग हा त्रास थंडीचा की हवेचा? (पंचवटी)

थंडी आणि हवा दोन्ही कारणं असू शकतात, पण वेळ बदलून पाहणं सर्वांत सोपं आहे. नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध नसते. बऱ्याचदा दिवसभरातली सर्वांत वाईट हवा तीच असते.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते आणि तिच्या डोक्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. इथे उलटं होतं, म्हणून खालचा धूर वर चढू शकत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी जो धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत विरत जातो, तोच हिवाळ्यातल्या पहाटे शे-दोनशे मीटरांत कोंडतो. त्यात नदीकाठ सखल. उतारावरची गार हवा रात्रभर पात्राकडे घरंगळते आणि वाटेतल्या शेकोट्यांचा, पेटलेल्या कचऱ्याचा धूर सोबत आणते. ऊन तापून हा थर साधारण नऊ ते दहाच्या दरम्यान फुटतो.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरण्याची वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच ठेवा. सकाळच जमत असेल तर नऊनंतर निघा. मोठ्या रस्त्याच्या कडेने चालू नका. शे-दोनशे मीटर आतल्या गल्लीतही फरक पडतो. मार्चपासून मात्र वेळ पुन्हा सकाळची करा, कारण कडक उन्हात वाहनांच्या धुरातले वायू एकमेकांशी अभिक्रिया करून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो दुपारी सर्वाधिक असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सततच्या पावसाने हवा धुतली जाते, तेव्हा वेळेचा प्रश्न उरत नाही.

मास्क लावायचाच असेल तर एन-९५ लावा. रुमाल किंवा कापडी मास्क सूक्ष्म कण फारसे अडवत नाही. नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून पाहा: कडेने, चष्म्याकडे हवा आली तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असली तर तो कधीच घट्ट बसत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा छातीत घरघर होऊ लागली तर फिरण्याची वेळ बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : फोनवरचं एक अ‍ॅप हवेच्या प्रदूषणाचा आकडा १५४ दाखवतं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप त्याच वेळी १०० च्या आसपास. खरं कोण? (सातपूर)

दोन्ही खरे असू शकतात, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवेत ते घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकन पट्टीवर तोच १५० च्या पुढे जातो. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. त्यामुळे भारतीय पट्टीवर १०० पर्यंतच्या आकड्याला मिळणारा ‘समाधानकारक’ हा शिक्का दम्याच्या रुग्णाने शब्दशः घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. कणांचा भारतीय निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सातला दिसणाऱ्या आकड्यात कालची दुपारही मिसळलेली असते. आता बाहेर पडावं का, हे ठरवायला तासागणिक आलेख पाहा. गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड एमआयडीसी यांपैकी जे केंद्र जवळचं, त्याचाच आकडा धरा. निर्देशांक सर्वांत वाईट ठरलेल्या घटकाचा असतो; तो पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, असेल तर दोष बहुधा रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीचा.

घरी लेझरवर चालणारं छोटं यंत्र असेल तर धुक्यातला त्याचा आकडा मानू नका. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र आकडा फुगवून दाखवतं.

प्रश्न : आमच्याकडे कडाक्याच्या रात्री द्राक्षबागेभोवती धूर करतात, काही जण जुने टायरही पेटवतात. सकाळी अख्खं गाव खोकतं. बाग वाचवायला दुसरा उपाय आहे का? (निफाड तालुका)

आहे, आणि तो धुरापेक्षा जास्त उपयोगी आहे. धुराची चादर ऊब धरून ठेवते हा समज चुकीचा. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघून जाणारी उष्णता ते जवळजवळ अडवतच नाहीत. बागेला मिळते ती आगीची ऊब, धुराची नव्हे. टायर तर कधीच पेटवू नका: काजळी आणि विषारी वायू, शिवाय घडांवर डाग.

संध्याकाळी आणि पहाटे ठिबक चालवून वाफसा (मातीतला नेमका ओलावा) टिकवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थंडीतल्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं, शिवाय ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. ओळींमधलं उंच गवत काढा, त्याखाली जमीन तापत नाही. थंडीच्या लाटेच्या आठवड्यात जमिनीवर पसरलेलं पालापाचोळ्याचं आच्छादनही थोडं बाजूला सारा. मात्र मण्यांत पाणी उतरू लागलं असेल, म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागले असतील, तर एकदम भरपूर पाणी देऊ नका, मणी तडकतात; रोजचंच पाणी वेळ बदलून द्या. शेकोटी करावीच लागली तर सुक्या लाकडाच्या, कमी धुराच्या, लहान-लहान आणि विखुरलेल्या करा. मोठा जाळ गरम हवेचा झोत सरळ वर नेतो, आणि त्याची जागा घ्यायला बाहेरची थंड हवा बागेत शिरते.

प्रश्न : शेजारी इमारतीचं काम चालू आहे, घरभर धूळ. नियम काय सांगतो? (इंदिरानगर)

केंद्राच्या २०१८ च्या धूळ नियमांनुसार इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा वाराआडोसा हवा. वाळू-माती उघडी ठेवायची नाही, दगड-फरशी उघड्यावर कापायची नाही, माल नेणारी गाडी झाकलेली हवी. तारखेसह फोटो काढून महापालिकेकडे लेखी तक्रार द्या. घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : मुलाची बदली आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीला झाली आहे. नातीला दमा आहे. गोदावरी तिथेही आहे, पण हवा कशी असेल? (नाशिकरोड)

नदी तीच, हवामान अगदी वेगळं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. राजमहेंद्री सखल, आणि तिच्या खालीच धवळेश्वरमला गौतमी-वसिष्ठा फाटे फुटून त्रिभुज प्रदेश सुरू होतो. तिथे खरा त्रास दमटपणाचा. घाम वाळत नाही, त्यामुळे तेवढ्याच तापमानात शरीर जास्त तापतं. भिंतींना बुरशी धरते, गाद्यांत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, आणि दम्याला हे दोन्ही वाईट.

घर घेताना तळमजला आणि ओल आलेली भिंत टाळा. एक आर्द्रतामापक घ्या. आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, त्यासाठी एसीचा ‘ड्राय’ मोड उपयोगी पडतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. भातकापणीनंतर पेंढा जाळत असतील त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. वीज जाते, रस्ते बंद होतात. तेव्हा महिनाभराचे इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) आधीच घरात असू द्या. नेब्युलायझर (औषधाचे तुषार करून देणारं यंत्र) वापरत असाल तर तो विजेविना चालेल अशी सोयही आधीच करून ठेवा.