रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कसला?

वडिलांनी एमआरआयचा लिफाफा टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच सुरुवात केली. "बघा मॅडम, मेंदू एकदम नॉर्मल आहे. लेखी दिलंय. मग हा चार महिने काय करतोय?"

बावीस वर्षांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. शेजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात, भिंतीपलीकडून आवाज येतात, या तक्रारींवर त्याचे उपचार सुरू होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी त्याला विचारलं, "गोळ्या घेतोयस ना?"

"नऊ दिवस झाले, बंद आहेत. रिपोर्टमध्ये काही नाही म्हटल्यावर घरातले म्हणाले, आता कशाला?"

नऊ दिवस ऐकल्यावर बाकीचं बोलणं बाजूला ठेवलं. त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना तिथूनच फोन केला, संध्याकाळची वेळ घेतली. मग लिफाफ्याकडे वळले.

डॉक्टरांनी एमआरआय का सांगितला होता? मेंदूत गाठ, सूज किंवा रक्तस्राव असेल तरीही भास होऊ शकतात, संशय येऊ शकतो. तसं काही नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. 'नॉर्मल' हे त्या प्रश्नाचं उत्तर, आणि चांगलंच उत्तर. स्किझोफ्रेनिया (भास आणि खोट्या संशयांचा आजार) किंवा बायपोलर (मनःस्थिती दोन टोकांना जाण्याचा आजार) आहे की नाही हे त्या फिल्मला कुणी विचारलेलंच नव्हतं. ते निदान लक्षणं, त्यांचा कालावधी आणि रुग्णाशी, घरच्यांशी झालेलं बोलणं यांवरूनच होतं. तंबोऱ्याचा फोटो बघून तो सुरात आहे का ते सांगता येतं का?

"पण रंगीत चित्र तर तुम्हीच दाखवलंत!" वडील म्हणाले.

खरं होतं. हा आळस नाही, आजार आहे, हे त्यांना पटावं म्हणून पहिल्या भेटीत मी एका संशोधनातलं चित्र दाखवलं होतं. करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके. वडील आपल्या मुलाच्या फिल्मवर तेच ठिपके शोधत होते. चूक माझी. ते रंग मेंदूत नसतातच. अनेक लोकांच्या मोजमापांची तुलना करून जिथे आकडेवारीत फरक निघतो, तिथे संगणक रंग भरतो. एका माणसाचा तो फोटो नव्हे. तेव्हापासून मी ते चित्र कुणाला दाखवत नाही.

संशोधन मात्र पोकळ नाही. 1976 साली ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन वापरून दाखवलं की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या तुलनेने मोठ्या होत्या. रुग्ण होते फक्त 17. चाळीस वर्षांनी, 2016 मध्ये, एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी लोकांचे एमआरआय एकत्र तपासले. पोकळ्या मोठ्याच निघाल्या, आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान. त्याच गटाच्या कामात बायपोलरमध्ये हिप्पोकॅम्पसचा हा फरक साधारण निम्मा दिसला, नैराश्यात त्याहून कमी.

सगळी मेख त्या 'सरासरी'त आहे. दोन वर्गांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असला, तर रस्त्यात भेटलेल्या एका मुलाची उंची मोजून त्याचा वर्ग सांगता येईल का? शिवाय तोच भाग तीन आजारांत थोडाथोडा लहान असेल, तर कुठला आजार हेही त्यावरून ठरत नाही.

इतका वेळ गप्प असलेला मुलगा म्हणाला, "म्हणजे माझा मेंदू लहान होतोय?"

हा प्रश्न मला वडिलांच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटला. म्हटलं, "तुझ्या रिपोर्टमध्ये तसं काही नोंदवलेलं नाही, आणि हजारोंच्या सरासरीवरून तुझ्या एकट्याबद्दल मीही काही म्हणणार नाही. बायपोलरच्या अभ्यासांत लिथियम हे औषध घेणाऱ्यांमध्ये मेंदूचा करडा भाग (ग्रे मॅटर) ते न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलाय. म्हणजे सगळी गाडी उताराला लागलीय असं नाही." औषधांबद्दल त्याने काहीतरी वाचलं होतं. गोड उत्तर देणं मला जमलं नाही. सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमांवरच्या, औषधांचा जास्त डोस आणि मेंदूच्या आकारमानातली थोडी घट यांचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, हे सांगितलं. म्हणूनच डोसबद्दल डॉक्टरांशी बोल. आपल्या मनाने बंद केल्यास आवाज परत येण्याचा धोका फार मोठा.

"परत आलेत," तो हळूच म्हणाला. "परवापासून."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "ही फिल्म आता टाकून देऊ?"

"नको. पुढे कधी परत स्कॅन करावा लागला, तर तुलनेला जुना हवा."

ते लिफाफा पिशवीत घालू लागले, तेवढ्यात मुलाने हात पुढे केला. "त्यावर नाव माझं आहे. माझ्याकडे द्या."