आरपी२०४० वर दोन्ही कोअर एकच काउंटर वाढवतात तेव्हा आकडा कमी का भरतो?

आरपी२०४० या रास्पबेरी पायच्या मायक्रोकंट्रोलर चिपमधील दोन्ही कोअर (स्वतंत्रपणे कोड चालवणारे प्रोसेसर) एकच काउंटर वाढवतात तेव्हा आकडा कमी भरतो, आणि साधा फ्लॅग व्हेरिएबल (काउंटर मोकळा आहे की वापरात, हे सांगणारी खूण) लावूनही तो चुकतो, असा आपला प्रश्न आहे. तो चुकणारच. फ्लॅग वाचणे आणि तो लिहिणे या दोन स्वतंत्र क्रिया असल्यामुळे त्यांच्या मधल्या क्षणी दुसरा कोअरही फ्लॅग मोकळा असल्याचे वाचतो आणि दोघेही काउंटर वाढवणाऱ्या कोडमध्ये एकाच वेळी शिरतात, त्यामुळे एकाची वाढ हरवू शकते.

यासाठीच या चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक (एका वेळी एकालाच ताबा देणारी कुलुपे) दिलेले आहेत. लॉकचे रजिस्टर (हार्डवेअरमधील त्याची वाचण्या-लिहिण्याची जागा) नुसते वाचणे हीच तो ताब्यात घेण्याची क्रिया आहे: शून्याव्यतिरिक्त किंमत मिळाली तर लॉक आपला, शून्य मिळाले तर तो आधीच घेतलेला आहे, दोन्ही कोअरनी एकाच क्लॉक सायकलमध्ये वाचल्यास तो कोअर ० ला मिळतो. सोडताना त्याच रजिस्टरमध्ये कोणतीही किंमत लिहावी. मात्र लॉक कोण सोडत आहे हे हार्डवेअर तपासत नाही, ती शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

खरी काळजी इंटरप्टची, म्हणजे चालू कोड मध्येच थांबवून हँडलर नावाचे दुसरे फंक्शन चालवणाऱ्या संकेताची, घ्यावी. कोअर १ ने लॉक घेतलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरने तोच लॉक मागितला, तर हँडलर कायम वाट पाहत राहतो, कारण लॉक सोडणारा कोड त्याच्याच खाली थांबलेला असतो. एसडीकेमधील (या चिपसाठीच्या तयार सॉफ्टवेअर संचातील) ‘स्पिन_लॉक_ब्लॉकिंग’ हे फंक्शन इंटरप्ट बंद करून मगच लॉक घेते आणि इंटरप्टची आधीची स्थिती परत देते. ती जपून ठेवून ‘स्पिन_अनलॉक’ला द्यावी. लॉक हाती असताना फक्त काउंटर वाढवावा. प्रिंटएफसारखे (मजकूर छापणारे फंक्शन) वेळखाऊ काम कटाक्षाने बाहेर ठेवावे.