शौचाला लाल रक्त पडतं, पण दुखत नाही; मूळव्याधच ना?

बहुधा हो. मूळव्याधीत शौचाच्या शेवटी लालभडक थेंब टपकतात, सहसा दुखत नाही. कापल्यासारखी आग झाली तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर. आपल्या सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पडलं, की मल खड्यासारखा होतो आणि दोन्ही बळावतात. पण आव, आतड्यातला पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब), कॅन्सर यांतही रक्त पडतं, म्हणून तपासल्याशिवाय मूळव्याध धरून चालू नका. 'विना ऑपरेशन' बोर्डवाल्यांकडे तर कृपा करून जाऊ नका! सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. वय 45 च्या पुढे, वजन घटतंय, शौचाची सवय बदललीय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीबद्दल, स्वतःहून विचारा. डांबरासारखी काळी शौच, गुठळ्या, चक्कर किंवा रक्त थांबतच नसेल, तर मध्यरात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा.