नव्याने मंडळीत (चर्चमध्ये) आलेल्यांसाठी: समाधान आणि उपकारस्तुती (देवाचे आभार मानणे)

आपण विचारले आहे की प्रार्थना करूनही मन समाधानी का होत नाही. माझा पहिला सल्ला असा की बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय सावकाश वाचावा. पौल तेव्हा बंदिवासात होता, आणि विपन्नावस्थेत तसेच संपन्नतेतही समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो लिहितो. म्हणजे त्यालासुद्धा ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या दिवशी आयती मिळालेली नव्हती. त्याच अध्यायात त्या मंडळीने एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती पाठवलेल्या देणगीची तो मोकळेपणाने पोचही देतो, त्यामुळे देवाचे आभार मानणाऱ्याने माणसांचे आभार टाळावेत असे मुळीच नाही.

रात्रीच्या प्रार्थनेत ‘सर्व गोष्टींसाठी’ असे ढोबळ न म्हणता त्या दिवसातील एखादी नेमकी गोष्ट सांगावी: शेजारणीने भरून ठेवलेली पाण्याची घागर, उद्यमनगरातील कारखान्यात वेळेवर झालेला पगार. पगार थकला असेल तर तो अवश्य मागावा. अन्याय मुकाट्याने सोसणे हे समाधान नव्हे (हे आपल्याकडे व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते).

2019 च्या महापुरात ज्यांची घरे पंचगंगेच्या पाण्याखाली गेली, त्यांना लगेच ‘आभार माना’ म्हणणे मला कठोर वाटते. बायबलमधील तेरावे स्तोत्र ‘परमेश्वरा, कोठवर?’ अशा तक्रारीनेच सुरू होते आणि गीतापर्यंत नंतर पोहोचते. आपल्याही प्रार्थनेत तक्रार आधी आली तर ती गिळू नये.