आधीपासून काय सुरू असावे?

प्रश्न : मिरकरवाडा बंदरातील नौकामालकांसाठी मी डिझेल, बर्फ आणि मासळीविक्रीचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप तयार करत आहे. आपोआप बॅकअप, नौकेचे ठिकाण इतरांना दाखवणे आणि दरांच्या सूचना, यांपैकी काय आधीपासून सुरू ठेवावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुतेक माणसे सेटिंग्ज उघडतच नाहीत, म्हणून हा निर्णय तुम्ही त्यांच्या वतीने घेत आहात. याचे एक उदाहरण : संगणकांच्या विंडोज एक्सपी प्रणालीमध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे अनाहूत संपर्क अडवणारी सोय होती, पण ती आधीपासून बंद असे. २००३ मध्ये ब्लास्टर वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, जगभर संगणक बाधित केल्यानंतर, २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून ती आपोआप सुरू राहू लागली.

बॅकअप निःसंकोच सुरू ठेवा. फोन पाण्यात पडला तर हंगामाचा हिशेब बुडतो, आणि तो परत मिळवण्याचा दुसरा मार्ग नसतो. मात्र खोल समुद्रात रेंज नसल्याने, नौका बंदरात परतल्यावरच माहिती चढेल अशी व्यवस्था हवी.

ठिकाण दाखवणे मात्र बंदच असावे, असे माझे ठाम मत आहे. मासळी कुठे लागते हे तांडेलाचे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाचे, वर्षानुवर्षांचे ज्ञान असते, आणि ते त्याला न विचारता शेजारच्या नौकेला कळणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे होय. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही स्पष्ट कृतीतून दिलेली संमतीच अपेक्षित आहे. संकटकाळासाठी वेगळे, ठळक बटण द्या.

दरांच्या सूचना ज्याला हव्यात तो सुरू करील. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत तर त्यांचा उपयोगही फारसा नाही. आणि एकदा वापरणाऱ्याने बंद केलेली सोय पुढच्या अपडेटमध्ये परस्पर सुरू करू नका.