किकुची आजार नेमका कोणत्या व्हायरसमुळे होतो?

बहिणीच्या बायोप्सीत किकुची, म्हणजे लसिका गाठी सुजण्याचा आजार, आलंय आणि 'हा कुठल्या व्हायरसनं झाला' असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू का, आजवर एकाही व्हायरसवर गुन्हा शाबीत झालेला नाही. १९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी आपापल्या परीनं हा आजार नोंदवला, तेव्हापासून संशयितांची यादी वाढतेच आहे. एपस्टाईन-बार जुना संशयित. शिवाय एचएचव्ही-६, एचएचव्ही-८, पार्व्हो बी-१९. पण एपस्टाईन-बार बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आयुष्यभर दडून असतोच. गाठीत सापडला म्हणून तोच चोर कसा ठरवणार? बहुधा एखाद्या संसर्गाचं निमित्त होतं आणि शरीराच्या टी-पेशीच (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गाठीत धुमाकूळ घालतात.

आम्ही कोल्हापूरला राजारामपुरीत होतो तेव्हा बायकोच्या मानेला सुपारीएवढी गाठ आली, रोज दिवेलागणीला ताप. जो तो टीबीच म्हणायचा. सासूबाईंचा हळदीचा लेप वेगळाच! बायोप्सीत किकुची निघालं म्हणून टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या टळल्या. गाठ तीनेक महिन्यांत आपोआप विरली.

एएनए तपासणी (शरीराविरुद्धच्याच अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) मात्र करून घ्या, काहींना पुढं ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, निघतो.